चुकलेल्या शब्दाचा अभ्यास

श्रुतलेखनाच्या वहीत लाल शाईने गोल केलेला शब्द आपणांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला आहे. त्या लाल गोलाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. बहुतेक विद्यार्थी वही मिटतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. काही जण त्या एका गोलाने इतके खचतात की वर्गात तोंड उघडणेच सोडून देतात. चुकलेल्या शब्दापाशी परत जाऊन ‘मी नेमका येथेच का चुकलो?’ असे स्वतःला विचारणारे विद्यार्थी थोडे. अशाच एका विद्यार्थ्याची चार वर्षांची वाटचाल वाचकांसमोर ठेवावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. अरविंद महांकाली हे त्याचे नाव. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून दाखवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय शब्दस्पर्धेचा तो २०१३ सालचा विजेता होय.

स्पर्धेचे स्वरूप

‘स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी’ हे या स्पर्धेचे नाव. तिचा प्रारंभ १९२५ साली झाला आणि १९४१ पासून ती स्क्रिप्स या माध्यमसमूहाकडे आहे. नावातील ‘बी’ या शब्दाचा अर्थ एखाद्या कामासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र जमणे असा आहे. आपल्याकडे एकाच्या शेतातील काम उरकण्यासाठी गावकरी जमत, त्याला इर्जिक म्हणत; तिकडची ‘बी’ ही कल्पना तिच्याच जवळची. गोधड्या शिवण्यासाठी किंवा मक्याची कणसे सोलण्यासाठी जमणारे लोक पुढे शब्दांची अक्षरे सांगण्यासाठीही जमू लागले आणि खेड्यातील त्या करमणुकीची पुढे राष्ट्रीय स्पर्धा झाली.

आठवी इयत्ता पार न केलेल्या मुलांनाच या स्पर्धेत भाग घेता येतो. शाळा व विभाग या पायऱ्या चढून आलेली मुले राष्ट्रीय पातळीवर एकत्र येतात. २०१३ साली त्यांची संख्या २८१ होती. मंचावर एकेक स्पर्धक ध्वनिक्षेपकासमोर उभा राहतो. उच्चारक त्याला एक शब्द सांगतो. गेली अनेक वर्षे हे काम जॅक बेली हे प्राध्यापक करीत आहेत. ते स्वतः १९८० सालचे विजेते आहेत. स्पर्धकाला काही प्रश्न विचारण्याची मुभा असते : शब्दाचा अर्थ काय, तो कोणत्या भाषेतून आला, त्याचा व्याकरणातील प्रकार कोणता, वाक्यात तो कसा वापरतात, त्याचा दुसरा उच्चार आहे काय. त्यानंतर ठरावीक वेळेत त्याने अक्षरे क्रमाने म्हणायची. एक जरी अक्षर चुकले, तरी परीक्षकांच्या मेजावरील लहानशी घंटा वाजते आणि त्या वर्षापुरती त्याची स्पर्धा संपते. प्रमाण मानला जाणारा वेब्स्टरचा बृहत्कोश साडेचार लाखांहून अधिक नोंदींचा आहे. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी अंतिम फेऱ्या थेट प्रक्षेपित करीत असे. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलाची चूक त्याच क्षणी देशभर दिसत असे.

‘श’ एक, लेखने अनेक

अशी स्पर्धा इंग्रजीतच का रंगते, हे आपण देवनागरी लिहिणाऱ्यांनी मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. आपल्या लिपीत ‘श’ हा ध्वनी कानी पडला, की तो कसा लिहावा याविषयी फारशी शंका राहत नाही. इंग्रजीने मात्र शतकानुशतके निरनिराळ्या भाषांतून शब्द घेतले आणि पुष्कळदा त्यांचे मूळ लेखनही सोबत ठेवून घेतले. परिणामी हाच ध्वनी अस्सल इंग्रजी शब्दात ‘एस-एच’ असा, फ्रेंचमधून आलेल्या शब्दात ‘सी-एच’ असा, तर जर्मनमधून आलेल्या शब्दात ‘एस-सी-एच’ असा लिहिला जातो. ‘नेशन’सारख्या लॅटिन कुळातील शब्दात तोच ध्वनी ‘टी-आय’ या अक्षरांतून उमटतो.

म्हणून ‘हा शब्द कोणत्या भाषेतून आला?’ हा प्रश्न स्पर्धकासाठी सर्वांत मोलाचा ठरतो. उत्तर मिळताच त्या भाषेचे लेखननियम त्याच्या मदतीस येतात. साडेचार लाख शब्द पाठ करणे कोणालाही शक्य नाही. पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, जपानी अशा भाषांच्या लेखनाच्या चाली शिकता येतात. घोकंपट्टीला येथे स्थान आहे, परंतु निर्णायक प्रसंगी उपयोगी पडते ते शब्दाचे कूळ ओळखण्याचे ज्ञान.

चार वर्षे, चार प्रयत्न

अरविंदचे कुटुंब मूळचे हैदराबादचे. तो न्यूयॉर्क शहराच्या बेसाइड हिल्स भागात राहत असे आणि तेथील सरकारी शाळेत शिकत असे. आपल्या घरी तेलुगू कविता सुलट आणि उलट अशा दोन्ही क्रमांनी म्हटल्या जात, भाषेची ओढ तेथूनच आली, असे त्याच्या वडिलांनी वार्ताहरांना सांगितले होते. इंग्रजी शब्दांच्या या विजेत्यामागे मातृभाषेच्या पाठांतराची परंपरा उभी होती, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

२०१० साली तो प्रथम राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि नवव्या स्थानापर्यंत पोहोचला. २०११ साली तो अखेरच्या तिघांत होता. तेथे त्याच्या वाट्याला ‘युगेंटश्टील’ हा शब्द आला. जर्मनीतील एका कलाशैलीचे हे नाव ‘युगेंट’ म्हणजे तारुण्य या नावाच्या म्युनिकमधील नियतकालिकावरून पडले. या शब्दात ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो, ‘डी’चा ‘ट’ होतो आणि ‘एस’चा ‘श’ होतो. इंग्रजी कानाला चकवणारी एवढी वळणे एकाच शब्दात होती. घंटा वाजली आणि अरविंदला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

२०१२ साली तो पुन्हा अखेरच्या तिघांत पोहोचला. यावेळी शब्द होता ‘श्वानोमा’. मज्जातंतूंच्या आवरणातील पेशींपासून होणाऱ्या गाठीचे हे वैद्यकीय नाव. थिओडोर श्वान या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या आडनावावरून ते घडले. जर्मन लेखनात ‘श्व’साठी ‘एस-सी-एच-डब्ल्यू’ अशी चार अक्षरे लागतात आणि शेवटचा ‘न’ येथे दुहेरी आहे. पुन्हा घंटा वाजली, पुन्हा तिसरा क्रमांक आला, आणि पुन्हा शब्द जर्मन कुळातलाच होता.

बारा वर्षांच्या मुलाने या टप्प्यावर नशिबाला बोल लावला असता, तर त्यात नवल नव्हते. दोन वर्षे, एकच जागा, एकाच भाषेची ठेच! अरविंदने मात्र आपण दोन्ही वेळा जर्मन शब्दांवर बाद झालो, तेव्हा काय अभ्यासायचे ते आता कळले आहे, अशा अर्थाचे उद्गार तेव्हाच काढले. चूक मान्य करणे ही पहिली पायरी झाली; तिचे वर्गीकरण करणे ही दुसरी. ‘मी शब्दांत कच्चा आहे’ या विधानातून केवळ निराशा पदरी पडते. ‘मी जर्मन लेखनात कच्चा आहे’ या विधानातून मात्र उद्याचे वेळापत्रक तयार होते.

३० मे २०१३ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, तो चौथ्यांदा मंचावर उभा राहिला. आठवीत असल्यामुळे ही त्याची शेवटचीच संधी होती. त्या वर्षी नियमांत एक भर पडली होती : मुलांना शब्दांचे लेखनच नव्हे, तर अर्थही ठाऊक आहेत काय, हे तपासणारी चाचणी प्रथमच घेण्यात आली. अंतिम फेरीत त्याला ‘डेनश्टूफ’ हा भाषाशास्त्रातील जर्मन शब्द मिळाला. तो त्याने बिनचूक सांगितला. सर्व प्रतिस्पर्धी बाद झाल्यावर विजयासाठी उरलेला शब्द आला ‘क्नेडल’. मूळ भाषा यिडिश, म्हणजे जर्मनपासून घडलेली पूर्व युरोपातील ज्यूंची बोली. हे ऐकताच सभागृहात हसू आणि हळहळ एकदमच उमटली. अरविंदने शांतपणे अक्षरे सांगितली : के-एन-ए-आय-डी-ई-एल. रंगीत कागदांचा वर्षाव सुरू झाला; त्याने वर पाहिले आणि आपल्या सवयीप्रमाणे बोटे मोडली. जर्मनचा शाप आता वरदान झाला, असे तो नंतर म्हणाला. तीस हजार डॉलरचे पारितोषिक मिळालेल्या या मुलाने उन्हाळ्याची सुटी भौतिकशास्त्राच्या अभ्यासात घालवण्याचा मनोदय त्याच वेळी बोलून दाखवला.

‘बरोबर’ म्हणजे काय?

या विजयानंतर एक मनोरंजक वाद झाला. क्नेडल म्हणजे सारात सोडण्याचा पिठाचा गोळा. ज्यू घरांतून तो आवडीने खाल्ला जातो. यिडिश भाषेच्या अभ्यासासाठी न्यूयॉर्कमध्ये ‘यिवो’ ही नामवंत संस्था आहे. तिने ठरवलेल्या पद्धतीनुसार हा शब्द रोमन लिपीत के-एन-ई-वाय-डी-एल असा लिहिला पाहिजे, याकडे जाणकारांनी लक्ष वेधले. मुळात यिडिश हिब्रू लिपीत लिहिली जाते. रोमन अक्षरांतील कोणतेही लेखन हे लिप्यंतरच. आपला ‘वडा’ रोमन लिपीत ‘व्ही’ने लिहावा की ‘डब्ल्यू’ने, या प्रश्नासारखाच हा प्रश्न आहे. स्पर्धेने कोश प्रमाण मानला, म्हणून अरविंदचे उत्तर बरोबर. लेखनाची शुद्धता हा समाजाने सोयीसाठी केलेला करार आहे, हे यावरून स्पष्ट होते. मराठीतही साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आणि आणखी चार १९७२ साली स्वीकारले गेले. करार पाळावा, शिकावा. परंतु तो न येणाऱ्यास बुद्धिहीन ठरवण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही.

दुसरी संधी

अरविंदला चार वेळा मंचावर उभे राहता आले, हेही विसरून चालणार नाही. याच स्पर्धेत १९३६ साली ओहायो राज्यातील अॅक्रन शहराची मॅकनोलिया कॉक्स ही तेरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी अंतिम फेरीत पोहोचली होती. वॉशिंग्टनला जाताना तिला वाटेत कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या डब्यात बसावे लागले. इतर स्पर्धक उतरले होते त्या हॉटेलात तिला प्रवेश नव्हता. मेजवानीत तिचे मेजही निराळे होते. पहिल्या पाचांत असताना ‘नेमेसिस’ या शब्दावर ती बाद झाली. ते ग्रीक देवतेचे विशेषनाम असून विशेषनामे स्पर्धेत देता येत नाहीत, हा तिच्या बाजूचा आक्षेप फेटाळण्यात आला. पुढे तिला महाविद्यालयीन शिक्षण घेता आले नाही. घरकाम करून तिने आयुष्य काढले. २०२१ साली लुइझियाना राज्यातील झाइला अवाँ-गार्द ही पहिली आफ्रिकी-अमेरिकी विजेती ठरली. दोन वर्षांपूर्वी याच स्पर्धेत तिचा क्रमांक ३७० वा होता! तिचा विजयी शब्द ‘मुराया’ हे वनस्पतींच्या एका प्रजातीचे नाव. आपल्या फोडणीतील कढीपत्ता याच नावाने ओळखला जात आला आहे.

मॅकनोलिया आणि झाइला यांच्यामध्ये पंच्याऐंशी वर्षे आहेत. बुद्धी दोघींकडेही होती. चुकल्यानंतर परत येण्याची वाट एकीला मोकळी मिळाली, दुसरीला मिळाली नाही. भारतीय वंशाच्या मुलांच्या यशाकडेही याच दृष्टीने पाहावे. अरविंद हा लागोपाठ सहावा भारतीय वंशाचा विजेता. हे रक्तातील गुण नव्हेत. १९८९ साली स्थापन झालेल्या ‘नॉर्थ साउथ फाउंडेशन’सारख्या संस्थांनी गावोगावी छोट्या स्पर्धा भरवल्या, मुलांना मोठ्या मंचाआधी लहान मंचावर हरण्याची, शिकण्याची सोय झाली. याच संस्थेकडून भारतातील गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात, ही गोष्टही कृतज्ञतेने नमूद करावीशी वाटते.

निवासी शाळेचे मोल येथेच कळते. ज्या घरांत अक्षर प्रथमच पोहोचत आहे, त्या घरातील मुलाला चूक दाखवणारे पुष्कळ भेटतात. ती चूक कोणत्या प्रकारची आहे हे त्याच्याजवळ बसून शोधणारे थोडे. संध्याकाळच्या अभ्यासिकेत वरच्या वर्गातील मुलाने खालच्या वर्गातील मुलाची वही हाती घेऊन एवढे जरी केले, तरी लाल गोलाचे काम पूर्ण होईल. माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एखादी संध्याकाळ यासाठी द्यावी आणि पालकांनी ‘किती गुण मिळाले?’ याच्याआधी ‘काय चुकले आणि का?’ हे प्रेमाने विचारावे. अरविंदच्या दोन पराभवांत त्याच्या विजयाचा अभ्यासक्रम लिहिलेला होता. आपल्या मुलांच्या वह्यांतही तो लिहिलेला आहे. तो त्यांच्यासोबत वाचणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.