कृष्णेचे पाणी पुढे कुठे जाते?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कुळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण श्रोतेहो, नदी समुद्राला मिळाल्यावर तिच्या पाण्याचे पुढे काय होते, हे विचारायला काही हरकत नसावी.

आपली कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. तिथून अरबी समुद्र अवघा ६४ किलोमीटर. पण सह्याद्रीचा माथा तिच्या पाठीशी. म्हणून वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली करीत, सुमारे १,४०० किलोमीटर चालून ती पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळते. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी याही तिथंच येतात. त्यांच्यापुढे कृष्णेचा वाटा लहान. धरणांमुळं तो आणखी कमी झाला आहे.

हे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके, म्हणून वरच राहते. शिक्षकबंधूंनी वर्गात करून पाहावे. पेल्यात मिठाचे दाट पाणी घ्या आणि त्यावर रंगीत गोडे पाणी चमच्यावरून अगदी हळू सोडा. रंगाचा थर वर तरंगताना मुलांना दिसेल.

मग हा थर समुद्रभर पसरत का नाही? पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाहते पाणी उजव्या हाताला ढकलले जाते. त्या हाताला किनारा असला, की बांध धरून चालणाऱ्या बैलासारखे पाणी किनारा धरून चालते. साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. त्यातले काही पाणी श्रीलंकेला वळसा घालते आणि हिवाळ्यात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याने उत्तरेकडे चढते. दोन्ही वेळा किनारा उजव्याच हाताला! म्हणजे पूर्वेला गेलेल्या पाण्याचा थोडा अंश पश्चिमेला परत येतो. त्यात कृष्णेचा थेंब वेगळा काढून दाखवता येणार नाही, एवढंच.

पावसाळ्यात मात्र वारा फिरतो आणि पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह उलटून दक्षिणेकडे वाहू लागतो. तेव्हा किनाऱ्याजवळ खालचे थंड पाणी वर येते. त्यात माशांच्या खाद्याला लागणारे क्षार भरपूर, पण प्राणवायू कमी. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या पाण्याचा बारकाईने अभ्यास केला आहे.

आता कुणी म्हणेल, माण-खटाव, जतच्या शेतकऱ्याला याचं काय? हिवाळ्यात आलेला तो हलका थर खालच्या पाण्यात सहजी मिसळत नाही. उन्हाळ्याची ऊब त्यातच साठते. मे महिन्यात केरळ-लक्षद्वीपकडचा समुद्र ३० अंश सेल्सियसच्याही वर तापतो. मोसमी पाऊस सुरू होण्याशी या उबेचा संबंध असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. वारे, जमिनीचे तापमान अशी इतर कारणे आहेतच. पण मृगाची वाट पाहताना आपण आभाळाकडे बघतो, तेव्हा त्या पावसाची थोडी तयारी समुद्रात हिवाळ्यापासूनच चाललेली असते, हे ध्यानी असू द्यावे.