परदेशातून मातृभूमीसाठी

नाशिक जिल्ह्याच्या जॅक्सन या कलेक्टरवर २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. ते ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आले होते. भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांनी तिथल्या इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातून अशी वीस पिस्तुले धाडली. ती तिथला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने सामानात दडवून मुंबईला आणली.

समुद्रापलीकडून मायदेशाच्या लढ्याला बळ देण्यात आयरिश माणूस सर्वांत पुढे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आयरिशांचा पैसा आणि वृत्तपत्रे यांवर त्यांची चळवळ उभी होती, आणि भारतीयांनाही त्यांनी आपले मानले. न्यूयॉर्कमध्ये २८ फेब्रुवारी १९२० रोजी भारतीयांच्या सभेत खुद्द आयरिश नेते डी व्हॅलेरा बोलले.

अमेरिकेतल्या भारतीयांनी ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभारलेल्या गदर चळवळीत मराठी तरुणही होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिकडे शेतीशास्त्र शिकता शिकता गदरचे काम करत. पुढे मेक्सिकोत कृषितज्ज्ञ म्हणून नावाजले. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे १९१४ मध्ये उठावासाठी परतले. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत ते बॉम्बसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर तुरुंगात, गदरच्याच कर्तारसिंग सराभांसोबत, त्यांना फाशी देण्यात आली.