कन्फ्यूशियस तत्त्वज्ञ होता का? चीनला हा प्रश्न का पडला?

कन्फ्यूशियसची ओळख आपल्याला 'चीनचा थोर तत्त्वज्ञ' अशीच करून दिली जाते. पण त्याच्या काळात चिनी भाषेत 'तत्त्वज्ञान' या अर्थाचा शब्दच नव्हता. मग त्याला तत्त्वज्ञ ठरवलं कुणी?

शब्द आला जपानमधून

चीनमध्ये आज तत्त्वज्ञानाला 'ज-श्युए' म्हणतात, म्हणजे शहाणपणाची विद्या. 'फिलॉसॉफी'साठी हा शब्द जपानी विचारवंत निशी आमाने यांनी घडवला आणि १८७४ च्या आपल्या पुस्तकात वापरला. तो लिहिला होता चिनी चिन्हांतच, त्यामुळे चीनमध्येही सहज रुजला. १९१२ मध्ये पेकिंग विद्यापीठात या विषयाचा विभागही स्थापन झाला.

मग सुरू झाली खरी अडचण

शब्द मिळाला, पण त्यात बसवायचं काय? अमेरिकेत जॉन ड्युई यांच्याकडे शिकून आलेल्या हू शी यांनी १९१९ मध्ये चिनी तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. माणसाच्या जगण्यातल्या महत्त्वाच्या प्रश्नांचा मुळापासून विचार करून उत्तर शोधणं म्हणजे तत्त्वज्ञान, अशी व्याख्या त्यांनी केली. दंतकथांमधले प्राचीन राजे बाजूला ठेवून त्यांनी सुरुवात थेट लाओत्सेपासून केली.

१९३० च्या दशकात फेंग योउलान यांनी दोन खंडांत इतिहास लिहिला. त्यांनी सुरुवातीलाच मान्य केलं की 'तत्त्वज्ञान' ही मुळात पाश्चात्त्य संकल्पना आहे. चिनी ग्रंथांतून त्या व्याख्येत बसेल तेवढं निवडायचं, ही त्यांची पद्धत होती.

जिन युएलिन यांनी या ग्रंथाचं परीक्षण करताना नेमका प्रश्न विचारला: हा 'चिनी तत्त्वज्ञानाचा' इतिहास आहे, की 'चीनमध्ये सापडलेल्या तत्त्वज्ञानाचा'?

यात एवढं काय?

मोजपट्टी पाश्चात्त्य असेल, तर तिच्यात न बसणारं बाहेर राहतं. हेगेल यांना तर कन्फ्यूशियसमध्ये साध्या नीतिबोधापलीकडे काही दिसलं नव्हतं. फेंग यांनी पुढे १९४८ च्या इंग्रजी पुस्तकात व्याख्या सैल केली: जीवनाविषयीचं पद्धतशीर चिंतन म्हणजे तत्त्वज्ञान. या व्याख्येत कन्फ्यूशियस सहज बसतो.

वाद मात्र मिटला नाही. २००१ मध्ये फ्रेंच विचारवंत जाक देरिदा शांघायमध्ये म्हणाले, चीनमध्ये तत्त्वज्ञान नाही, विचार आहे. त्यांच्या मते तत्त्वज्ञान ही ग्रीसमध्ये उगम पावलेली परंपरा होती, त्यामुळे यात कमीपणा नव्हता. तरीही अनेक चिनी अभ्यासकांना ते खटकलं.

थोडक्यात, हा वाद एकट्या कन्फ्यूशियसचा नाही. विचार करण्याच्या कोणत्या पद्धतीला 'तत्त्वज्ञान' म्हणायचं, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, असा तो वाद आहे.