सोप्या पायरीचे मोल

अंगणात मुलांचा पकडापकडीचा डाव रंगात आलेला असतो. इतक्यात घरातील चार-पाच वर्षांचे धाकटे भावंड धावत येते आणि 'मलाही घ्या' म्हणून हट्ट धरते. मोठी मुले क्षणभर एकमेकांकडे पाहतात. मग त्यांतील एखादा म्हणतो, 'बरे, ये. तू लिंबूटिंबू.' ह्या एका शब्दासरशी त्या लहानग्यास खेळाचे दार उघडते. कोणी त्याला पकडले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. तो मध्येच दमून बसला तरी कोणी रागावत नाही. कोठे त्याला कच्चा लिंबू म्हणतात, इतकाच फरक. मराठी मुलांनी ही युक्ती कोणत्याही ग्रंथातून घेतलेली नाही. दुबळ्यालाही खेळात सामावून घ्यावयाचे तर नियम थोडा सैल करावा लागतो, हे शहाणपण खेळातूनच जन्मास आले आहे.

असे शहाणपण इतर देशांतही आढळते. जपानात आवडीने खेळल्या जाणाऱ्या 'गो' ह्या खेळात दोन खेळाडू पटावर काळे व पांढरे खडे मांडतात. दोघांच्या बळात मोठी तफावत असली, तर डाव सुरू होण्यापूर्वीच कच्च्या खेळाडूस दोनपासून नऊपर्यंत खडे पटावर मांडण्याची सवलत मिळते. गोल्फच्या खेळातही कच्च्या खेळाडूच्या एकूण फटक्यांतून ठरावीक फटके वजा केले जातात. त्यामुळे गुरू आणि शिष्य, बाप आणि मुलगा एकाच डावात खरीखुरी झुंज देऊ शकतात. आजची मुले ज्या व्हिडिओ गेममध्ये रमतात, त्यांतही हाच प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता अनेक वर्षे गेली.

व्हिडिओ गेम प्रथम लोकप्रिय झाले ते दुकानांतील आणि करमणूकगृहांतील मोठ्या यंत्रांवर. यंत्रात नाणे टाकावे, तेव्हा खेळ सुरू होई. हरले की पुन्हा नाणे टाकावे लागे. खेळाडू लवकर हरला तर मालकाचा गल्ला लवकर भरे. त्यामुळे ते खेळ अवघड असण्यात मालकाचा लाभच होता. १९७८ साली जपानमधील तायतो ह्या कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ बाजारात आणला. त्याचे कर्ते तोमोहिरो निशिकादो हे होत. ह्या खेळात परग्रहावरील ५५ शत्रू रांगा करून हळूहळू खाली उतरत असत. इतक्या आकृत्या एकदम हलविणे त्या काळच्या यंत्रास जड जाई. शत्रू एकेक करून नाहीसे होऊ लागले, की यंत्राचा भार हलका होई आणि उरलेले शत्रू अधिक वेगाने धावू लागत. निशिकादो यांनी हा दोष काढून न टाकता तसाच राहू दिला. कारण त्यामुळे खेळ पायरीपायरीने अवघड होत जाई आणि खेळणाऱ्याची उत्कंठा वाढे.

पुढे हे खेळ घरात आले आणि परिस्थिती पालटली. घरात नाणे टाकावयाचे नव्हते. शिवाय एकाच यंत्रापुढे थोरला भाऊ, लहान बहीण आणि कधी आजोबाही बसू लागले. १९७७ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने घरी खेळण्याचे जे यंत्र विक्रीस काढले, त्यावर काठिण्याच्या दोन कळा होत्या; डाव्या खेळाडूसाठी एक आणि उजव्यासाठी एक. कळ 'ए' ह्या खुणेकडे सरकवली, की बऱ्याच खेळांत त्या बाजूचा खेळ अवघड होई आणि 'बी'कडे सरकवली, की सोपा होई. अशा रीतीने तरबेज खेळाडू अवघड बाजू घेई, नवखा सोपी बाजू घेई आणि दोघांचा सामना बरोबरीचा होई. अंगणातील लिंबूटिंबूचा नियमच जणू यंत्रावरील एका लहानशा कळेत येऊन बसला होता.

परंतु सवलत देणे ही एक गोष्ट, आणि ती कशी द्यावी ही दुसरी. लिंबूटिंबू झालेल्या मुलास खेळाचा आनंद मिळतो हे खरे. तथापि थोडे कळू लागले, की तोच शब्द त्याला बोचू लागतो. आपण खेळत आहोत, पण आपली गणना होत नाही, हे त्याच्या ध्यानी येते. व्हिडिओ गेमच्या काही कर्त्यांना ह्या वेदनेची जाणीव नव्हती. १९९२ साली निघालेल्या 'वोल्फेनस्टाइन थ्री-डी' ह्या गाजलेल्या खेळात सर्वांत सोप्या पायरीस 'बाबा, मी खेळू का?' अशा अर्थाचे नाव दिलेले होते आणि शेजारी नायकाच्या डोक्यावर बाळाचे टोपरे व तोंडात चोखणी दाखविली होती. ही थट्टा गंमत म्हणून केलेली असेल. पण सोपी पायरी निवडणे म्हणजे कमीपणा, हाच धडा ती देत होती. ह्याउलट 'मेगा मॅन २' ह्या जपानी खेळाची गोष्ट आहे. हा खेळ १९८८ साली जपानात आला, तेव्हा त्यात एकच पायरी होती. १९८९ साली तो अमेरिकेत गेला, तेव्हा त्यात एक सोपी पायरी वाढविण्यात आली. मात्र कर्त्यांनी तिला 'सोपी' न म्हणता 'साधारण' असे नाव दिले आणि मूळच्या पायरीस 'अवघड' म्हटले. नाव बदलल्याने खेळ बदलत नाही. पण खेळणाऱ्याची मान ताठ राहते.

खेळ सोपा करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे? काठिण्य ही एकच एक वस्तू नव्हे. कोठे बोटांची चपळाई लागते, कोठे नजरेची तीक्ष्णता, कोठे स्मरणशक्ती, तर कोठे कोडे सोडविण्याची बुद्धी. म्हणून खेळ सोपा करण्याचे मार्गही अनेक आहेत. शत्रूंची संख्या कमी करता येते. नायकास अधिक घाव सोसता येतील असे करता येते. वेळ वाढविता येतो. वाट दाखविणारे बाण पडद्यावर उमटविता येतात. २००९ साली निघालेल्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी' ह्या खेळात तर एक सुंदर योजना होती. एकटा खेळणारा एकाच टप्प्यात आठ वेळा हरला, की तेथे एक हिरवा ठोकळा दिसू लागे. खेळाडूने तो ठोकळा फोडला, तर मारिओचा भाऊ लुइजी पुढे येऊन तो टप्पा कसा ओलांडावा हे स्वतः करून दाखवी. पाहता पाहता युक्ती उमगली, तर खेळाडूस मध्येच सूत्रे आपल्या हाती घेता येत. मदत समोर ठेवलेली असे, लादलेली नसे. चांगला शिक्षकही असेच करतो. तो विद्यार्थ्यास प्रथम धडपडू देतो, मग एकदा गणित सोडवून दाखवितो आणि खडू पुन्हा त्याच्याच हाती देतो.

ह्या विचाराचा अधिक प्रगल्भ आविष्कार २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेलेस्ट' ह्या खेळात दिसतो. मॅडी थॉर्सन, नोएल बेरी आणि त्यांचे थोडे सहकारी अशा लहानशा चमूने तो तयार केला. मॅडेलिन नावाची एक मुलगी सेलेस्ट नावाचा डोंगर चढू पाहते, एवढीच त्याची कथा. पण तिच्या वाटेत केवळ कडे आणि काटे नाहीत. तिच्या मनातील भीतीही तिचेच रूप घेऊन तिला अडविते. हा खेळ मुळात अतिशय अवघड आहे. खेळाडू शेकडो वेळा खाली कोसळतो. मात्र कोसळल्याबरोबर तो पुन्हा त्याच जागी उभा राहतो, आणि जितक्यांदा पडावे तितके अधिक शिकावयास मिळते, असा धीरही खेळच त्याला देतो.

इतकी धडपड हेच ज्या खेळाचे मर्म, त्याच्या कर्त्यांनी त्यात साहाय्याची सोयही ठेवली. खेळाचा वेग दहा-दहा टक्क्यांनी उतरवीत निम्म्यावर आणता येतो. मॅडेलिनची पकड कधीच सुटणार नाही, किंवा हवेत तिला एकाऐवजी दोन झेपा घेता येतील, असेही करता येते. इतकेच नव्हे, तर तिला कोणतीही इजा होऊ नये, अशीही व्यवस्था करता येते. ह्यांतील कोणते साहाय्य घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे खेळणारा स्वतः ठरवितो. ज्याची बोटे संथ आहेत त्याने वेग कमी करावा. ज्याची बोटे चपळ, पण मन धास्तावलेले, त्याने इजेचे भय दूर करावे. कथेतील एकही प्रसंग त्यामुळे गळत नाही. डोंगर तोच राहतो, शिखर तेच राहते. प्रत्येकास आपल्या चालीने चढता येते, एवढेच.

ज्यांचे शरीर इतरांसारखे साथ देत नाही, त्यांच्या बाबतीत तर ह्या सोयींचे मोल फारच मोठे आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारणपणे बारांत एकास तांबडा व हिरवा हे रंग वेगळे ओळखण्यास कठीण जातात. केवळ रंग जुळविण्याचा खेळ अशा मनुष्यापुढे ठेवला, तर तो बुद्धीने उणा नसूनही हरतो. त्याच सोंगट्यांवर रंगाबरोबर चौकोन, त्रिकोण, वर्तुळ अशा खुणा उमटविल्या, की त्याचा अडथळा नाहीसा होतो. ज्यास ऐकू येत नाही, त्याच्यासाठी संवाद पडद्यावर अक्षरांत उमटविता येतात. २०१८ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने एक निराळा कंट्रोलर तयार केला. त्यावर दोन मोठी बटणे आहेत, आणि मागील बाजूस निरनिराळ्या कळा जोडण्यासाठी छिद्रांची रांग आहे. ज्याचा हात चालत नाही तो पायाने, कोपराने अथवा हनुवटीने कळ दाबून खेळू शकतो. २०२३ साली आलेल्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट' ह्या मोटारशर्यतीच्या खेळात अंध खेळाडूंसाठी ध्वनीच्या खुणा आहेत. वळण केव्हा येत आहे आणि रस्त्याची कड किती जवळ आली आहे, हे कानांनी जाणून ते मोटार हाकू शकतात. अशा खेळाडूच्या दृष्टीने ही काही सवलत नव्हे; हे त्याच्यासाठी खेळाचे दारच होय.

तथापि ह्या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचे 'डार्क सोल्स' आणि 'सेकिरो' हे खेळ त्यांच्या काठिण्यासाठीच ख्यातनाम आहेत. त्यांत सोपी पायरी निवडण्याची सोय नाही. २०१९ साली 'सेकिरो' प्रसिद्ध झाला, तेव्हा अशी सोय असावी की नसावी, ह्यावर जगभर मोठा वाद झाला. ह्या खेळांचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांची भूमिका अशी, की सर्वांनी एकच संकट पार केले, म्हणजे त्या यशाविषयी सर्वांना एकाच पातळीवर बोलता येते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. वीस वेळा हरून एकविसाव्या वेळी मिळविलेल्या विजयाची गोडी काही वेगळीच असते. अडचण मुळीच नसेल तर विजयालाही चव राहणार नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय ह्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे, की काम कौशल्याच्या मानाने फार अवघड झाले तर मन धास्तावते आणि फार सोपे झाले तर ते कंटाळते. दोहोंचा मेळ बसला, म्हणजेच मनुष्य कामात तल्लीन होतो.

पण ह्याच सत्यातून सोप्या पायरीचे महत्त्वही सिद्ध होते. सर्वांचे कौशल्य सारखे नसल्यामुळे, जो टप्पा एकास नेमका मेळाचा वाटतो, तोच दुसऱ्यास अशक्य वाटतो आणि तिसऱ्यास नीरस. म्हणून एकाच उंचीची पायरी सर्वांना पुरी पडत नाही. स्पर्धेची गोष्ट वेगळी. तेथे क्रमांक लावावयाचे असतात. म्हणून नियम आधी ठरवून ते सर्वांना सारखेच लावले पाहिजेत. परंतु मनुष्य आपल्या घरी आपल्यापुरता खेळत असेल, तर त्याने सोपी पायरी निवडल्याने दुसऱ्याच्या यशास कोणतीच बाधा येत नाही. ज्याला कडा चढावयाचा आहे, त्याच्यासाठी कडा तसाच उभा असतो.

अर्थात, पायरी ही चढण्यासाठी असते हेही विसरता कामा नये. ज्याला पुढे जाण्याचे बळ आले आहे, त्याने केवळ हरण्याच्या भीतीने खालीच बसून राहिले, तर त्याचे स्वतःचेच नुकसान होते. आणि ज्याला तेवढेच चढणे शक्य आहे, त्याच्यासाठी ती पायरी म्हणजेच शिखर होय. तेथवर तो पोहोचला, ह्याचा त्याला अभिमान वाटणे योग्यच आहे. कोणती पायरी कोणाची, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे ओळखावे. दुसऱ्याने त्यावरून त्याला हसू नये.

अंगणातील लिंबूटिंबू काही कायम लिंबूटिंबू राहत नाही. एक दिवस तो स्वतःहून म्हणतो, 'आता माझ्यावरही राज्य येऊ द्या.' पण हा दिवस उगवतो तो कोणी तरी त्याला आधी खेळात घेतलेले असते म्हणूनच. ज्याला पहिल्याच दिवशी दाराबाहेर उभे केले, त्याच्या तोंडून ते शब्द कधीच निघाले नसते.