पदे किती, कोटी कोणती?

बेळगावहून खानापूरकडे जाताना पिरनवाडी लागते. तेथील शाळेत एके दिवशी गणिताचे शिक्षक रजेवर होते, म्हणून नववीच्या वर्गावर आम्ही गेलो. आमची पदवी मराठीची. फळ्यावर ‘क्षचा पाचवा घात अधिक २’ असे लिहिले आणि सांगून मोकळे झालो, “पदे दोन, तेव्हा ही द्विपदी, आणि हिची कोटीही दोन.”

मागच्या बाकावरील एक मुलगी उठली. “सर, द्विपदी बरोबर, पण कोटी पाच.”

आमची चूक झाली होती, ती आम्ही वर्गासमोर कबूल केली. शब्दांतील ‘द्वि’ने आम्हांस चकविले होते.

बहुपदीची ओळख दोन प्रश्नांनी पटते. पहिला, पदे किती? एक असल्यास एकपदी, दोन असल्यास द्विपदी, तीन असल्यास त्रिपदी. दुसरा, चलाचा सर्वांत मोठा घात कोणता? तीच कोटी. ती शून्य असता बहुपदी स्थिर, एक असता रेषीय, दोन असता वर्ग आणि तीन असता घन म्हणतात. एका उत्तरावरून दुसरे ठरत नाही.

चौरस वाफ्याची बाजू क्ष धरा. त्याचे कुंपण ४क्ष, क्षेत्रफळ क्षवर्ग. तेवढ्याच बाजूच्या घनाकृती हौदात मावणारे पाणी क्षघन. तिन्ही एकपदीच, पण कोटी १, २ आणि ३. उलट, ट्रॅक्टरवाला येण्याचे २०० रुपये आणि तासाला ८०० घेत असेल, तर क्ष तासांचे भाडे ८००क्ष + २०० होते. ही द्विपदी खरी, पण कोटी एकच.

मोजण्यापूर्वी सजातीय पदे मात्र एकत्र करावीत. ३क्ष + २क्ष + ५ ही दिसते त्रिपदी, असते द्विपदी. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील बीजगणितातही एका जातीच्या राशी मिळवाव्यात, भिन्न जातीच्या वेगळ्या मांडाव्यात, हाच नियम आहे. अज्ञात राशीला ते यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देतात.

आमच्या सीमाभागातील कन्नड शाळेत बहुपदीला ‘बहुपदोक्ती’ म्हणतात. दोन्ही शब्दांत ‘पद’ तेच. म्हणून शेजारच्या घरातील मुलांना एकमेकांची संज्ञा ऐकताच ओळखीची वाटते. दूरच्या प्रांतांत इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांनाही घरच्यांनी हे मराठी शब्द एकदा सांगावेत. नावातच अर्थ असल्याने पाठांतराचा भार हलका होतो. ‘कोटी’ तेवढी जपून सांगावी, नाहीतर मुले शंभर लाख समजतील!

तास संपताना त्याच मुलीने विचारले, “सर, नुसत्या शून्याची कोटी किती?” आम्ही “उद्या सांगतो” म्हणालो. दुसऱ्या दिवशी गणिताच्या शिक्षकांना विचारून वर्गात गेलो आणि सांगितले : ७ ही स्थिर बहुपदी, तिची कोटी शून्य, पण शून्याला क्षच्या कोणत्याही घाताने गुणले तरी शून्यच उरते, म्हणून शून्य बहुपदीची कोटी ठरवीत नाहीत. मुलीने ते वहीत उतरवून घेतले, आणि आम्हीही आमच्या टिपणवहीत.