हुर्राक, फेणी आणि एक जुना निबंध

गेल्या वैशाखात माझा भाचा बंगळूरहून पेडण्यास आला होता. तिकडे हल्ली लहान लहान भट्ट्यांतून निगुतीने केलेली बिअर मिळते. भाजलेल्या सातूची काळी स्टाउट, गव्हाची धूसर बिअर, हॉप नावाच्या फुलांनी कडवट झालेली पेल एल, असे तिचे नाना प्रकार त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले. बेल्जियमच्या बिअरसंस्कृतीस युनेस्कोने २०१६ साली मानवजातीच्या वारशात स्थान दिले, हेही त्याच्याकडूनच कळले. मी विचारले, "आणि आपली फेणी?"

"ती एकच ना, मामा? उग्र वासाची!"

त्याला हसण्याचा अधिकार मला नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातील एका शाळेत मी 'माझ्या वडिलांचा व्यवसाय' हा निबंध लिहावयास दिला होता. एका मुलाने काजूच्या भट्टीचे हुबेहूब वर्णन केले. मी त्यावर तांबडी रेघ ओढली आणि 'शेती' या विषयावर पुन्हा लिहून आण, असे बजावले. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली होती, अजूनही पाहतो. परंतु त्या दिवशी मी एका कसबाचा अपमान केला, हे उमगण्यास फार काळ लागला.

तोच मुलगा आता वडिलांची भट्टी चालवितो. भाच्याला घेऊन मी त्याच्याकडे गेलो. "या, सर," म्हणून त्याने घोंगडी अंथरली. निबंधाचा विषय कोणीच काढला नाही.

त्याने प्रथम बोंडू दाखविले. झाडावरचा बोंडू तोडायचा नाही, पिकून आपण होऊन गळालेलाच वेचायचा, हा पहिला नियम. बी काढून बोंडू पायांनी तुडवितात. उरलेल्या चोथ्यावर दगडाचा भार ठेवला की निथळतो तो नीरो; तो ताजाच प्यावा, त्यात नशा नाही. तुडविलेला रस मात्र दोन-तीन दिवस आंबू द्यायचा आणि मग भाणात उकळायचा. पहिल्या उकळीत उतरतो तो हुर्राक. तो सौम्य असून त्यात मद्यार्क शेकडा पंधराच्या आसपास असतो. हुर्राकात आंबलेला रस घालून पुन्हा उकळले की फेणी उतरते. तिचे प्रमाण बेचाळीसच्या पुढे जाते. ओतताना येणाऱ्या फेसावरून जाणता माणूस तिचा जोर ओळखतो. 'फेणी' हे नावच संस्कृत 'फेन' शब्दापासून आले असे मानतात.

"ही काजूची झाली," तो म्हणाला. "माडाची वेगळी. रेंदेर माडावर चढून सूर काढतो, तिची ती फेणी." माडाची मुख्यत्वे दक्षिणेकडे, साष्टीत होते. दुकशिरीच्या मुळ्या घातलेली फेणी पोटाच्या तक्रारींवर घरोघरी ठेवीत. जिऱ्याचीही करतात. भाच्याने मुकाट्याने वही काढली.

मीही त्या दिवशी हुर्राकाचे दोन घोट घेतले. पिकल्या बोंडूचा वास आधी नाकाशी आला, मग जिभेवर किंचित तुरटपणा. उग्र म्हणावे असे त्यात काही नव्हते. फेणीचे थेंब तळहातावर चोळून हुंगले, तेव्हा मद्यार्क उडून गेल्यावरही फळाचा गंध मागे राहिला. "भेसळीत स्पिरिट असते, सर. ते उडाले की हातावर काहीच उरत नाही," तो म्हणाला. गिऱ्हाइकाला एवढेही कळत नाही, म्हणून भेसळवाला स्वस्तात विकतो आणि याचा माल पडून राहतो, ही त्याची खरी तक्रार. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला खरा, पण कागदाला वास येत नाही!

झाडेही पूर्वीइतकी उरली नाहीत. डिचोलीचे कितीतरी डोंगर खाणींनी पोखरले. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२३ पासून विमाने उतरू लागली.

निघताना भाच्याने वर्षभर पुरेल इतका हुर्राक मागितला. शिष्य हसला. हुर्राक फार टिकत नाही. मार्च ते मे हाच त्याचा हंगाम, पाऊस लागला की भट्टी थंड. तेव्हा परमुलखातील ज्या मंडळींना त्याची चव जाणून घ्यावयाची असेल, त्यांनी सुट्टी एप्रिलात काढावी.