मातीतली सायकल (लेखांक ९) : गोदाकाठची काळी माती आणि टायरमधली हवा

गिअरचं प्रकरण याही आठवड्यात राहून जाणार. पुढं एक चेनव्हील असावं की तीन, हे सांगायचं कबूल केलं होतं, पण मध्येच भेंडाळीच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यानं माझ्या आवडत्या विषयालाच हात घातला. त्यांना माउंटन बाइक घ्यायची आहे. सायखेड्याहून खाली नदीकाठानं फिरायचं, पोट थोडं आत घ्यायचं आणि जमलंच तर ‘ससा-तितराच्या शिकारीला’ जायचं, तर कोणती घेऊ, असा त्यांचा प्रश्न आहे.

शिकारीचं आधी निकालात काढतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 1991 च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेनं शिकार करायची वाटही बंद झाली. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. फासे लावणं, पकडणं, हाकारणं, यातलं काही करायचा प्रयत्न करणं, पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं, हे सगळं त्यात येतं. त्यामुळं ‘नुसती छऱ्याची बंदूक आहे हो’ हे उत्तर वनखात्यापुढं टिकणारं नाही.

हे खूळ मोबाइलवरच्या अमेरिकी व्हिडिओंतून आलेलं दिसतं. तिकडं हंगाम ठरलेले असतात, परवाने असतात आणि अलीकडं बरेच शिकारी चार-चार इंची टायरच्या सायकलीवरून जंगलात जातात. मारलेलं हरीण मागच्या छोट्या ट्रेलरवर टाकून आणतात. त्यातलं आपल्या उपयोगाचं एवढंच, की सायकल आवाज न करता जनावराजवळ पोचवते. पुढं बंदूक काढायची की दुर्बीण, एवढाच फरक. आणि हा फरक मोठमोठ्यांनी ओलांडला आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींची सुरुवात लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीपासून झाली. गळ्यावर पिवळा डाग असलेली ही चिमणी कुठली, हे कळेना म्हणून शिकारी मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. 1883 साली निघालेल्या त्या संस्थेत सुरुवातीचे कितीतरी सभासद शिकारीच होते. जाता जाता सांगतो, सालिम अलींना दुचाकीचं वेड होतं, पण मोटारसायकलीच्या. 1950 साली स्वीडनच्या उप्साला गावी पक्षिशास्त्रज्ञांची परिषद होती, तिथं हे गृहस्थ आपली सनबीम मोटारसायकल घेऊन गेले होते.

याच सालिम अलींनी नांदूर मध्यमेश्वरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, असं आपल्याकडं सगळेच सांगतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा बंधारा इंग्रजांनी कालव्यांसाठी बांधला. त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि बदकांची सोय झाली. 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी 2020 मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. बंधाऱ्याचा फुगवटा पार चांदोरी-सायखेड्यापर्यंत येतो. पाणी सोडलं की चांदोरीची नदीपात्रातली देवळं उघडी पडतात, ती त्यामुळंच. म्हणजे सायखेड्याच्या माणसाला पक्षी बघायला गाडी काढून कुठं जायची गरज नाही. घरून निघावं, चापडगावच्या पक्षिनिरीक्षण मनोऱ्याकडं तोंड करावं आणि डांबरी सोडून शिवाररस्ते धरावेत.

पण हे शिवाररस्तेच सायकलीची परीक्षा घेतात. दुकानात गेलात की विक्रेता आधी शॉकअप दाखवतो. पुढचा चिमटा दाबून दाखवतो, तो खालीवर होतो, गिऱ्हाईक खूश. दहा-बारा हजारांच्या सायकलीतला तो शॉकअप म्हणजे नळीत घातलेली स्प्रिंग. वजन दोन-अडीच किलो आणि दोन पावसाळ्यांत गंजून घट्ट. मागंही शॉकअप असलेली स्वस्त सायकल तर फुकट दिली तरी घेऊ नका; निम्मी ताकद ती स्प्रिंग दाबण्यातच जाते. आपल्याकडं डोंगरउतार नाहीत, दगडांवरून उड्या नाहीत. आपल्याकडं काळी माती आहे.

काळ्या मातीचं वागणं एकदा नीट समजून घ्यायला हवं. बेसॉल्ट खडक झिजून झालेली ही माती. हिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिचे पापुद्रे पाणी आत ओढून घेतात आणि फुगतात, वाळले की आकसतात. म्हणून मे महिन्यात पाय जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत चपलेला दोन-दोन किलोचे गोळे. पाऊस नसला तरी सुटका नाही. हिवाळ्यात कांद्याला किंवा गव्हाला रात्रीची लाइट असते, कुठंतरी पाट फुटतो आणि पहाटे रस्त्याचा दहा-पंधरा फुटांचा तुकडा लोण्यासारखा झालेला असतो. त्यात सायकल घातली की माती टायरला लागते, तिच्यावर पुढची माती बसते, थर चढत जातो आणि चिमट्यात येऊन चाक जाम होतं. तरीही जोर लावलात तर मागचा गिअर बदलणारा सांगाडा चेनसकट वर ओढला जातो आणि ज्या कडीवर तो लटकलेला असतो ती तुटते. मग घरापर्यंत सायकल खांद्यावर.

म्हणून दुकानात शॉकअप दाबायच्या आधी बोट घालून बघा. पुढं चिमट्याखाली आणि मागं पेडलच्या पाठीमागं, जिथं फ्रेमच्या दोन नळ्या चाकाच्या दोन्ही अंगांनी जातात तिथं, टायर आणि लोखंड यांच्यामध्ये तुमचं बोट सहज फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर ती सायकल गोदाकाठची नाही, मग तिच्यावर काहीही नाव लिहिलेलं असो. याच कारणासाठी ब्रेक डिस्कचेच घ्या, साधे तारेवरचे डिस्क असले तरी चालतील. रिमला चिमटणारे ब्रेक चिखल ओरबाडत बसतात. मडगार्ड लावायचेच असतील तर चाकापासून लांब राहणारे प्लास्टिकचे लावा. पत्र्याचे, चाकाला खेटून बसणारे मडगार्ड पहिल्याच पाटाला भरतात.

आता हवा. माझ्या मते निम्मी माउंटन बाइक टायरच्या हवेत असते आणि तिच्याकडं कुणी बघत नाही. दुकानदार कॉम्प्रेसर लावतो, अंगठ्यानं टायर दगडासारखा लागेपर्यंत हवा मारतो आणि पाठवून देतो. टायरच्या कडेला लिहिलेला आकडा ही शेवटची मर्यादा आहे, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं तो म्हणत नाही. सत्तर किलोच्या आसपास वजन आणि दोन इंचांहून थोडा रुंद टायर असेल, तर मातीवर पुढच्या चाकात 28 आणि मागच्यात 32 पीएसआय पुरे. मागं जास्त, कारण आपलं बरंचसं वजन मागच्या चाकावर असतं. डांबरी रस्त्यानं नाशकाला जायचं असेल तर 45 पर्यंत भरा.

कमी हवेनं सायकल जड जाते असं सगळ्यांना वाटतं. डांबरावर ते खरं आहे. भुसभुशीत मातीत उलटं होतं. कडक टायर धार असल्यासारखा रुततो आणि प्रत्येक फेऱ्याला स्वतःच केलेल्या खड्ड्यातून वर चढत राहतो. मऊ टायर पसरतो, वर राहतो. शंका असेल तर ओलसर गाळपेरावरून एकदा 50 वर आणि एकदा 30 वर चालवून मागं वळून ठसा बघा. पहिला अरुंद, खोल आणि कडा उभ्या. दुसरा रुंद, उथळ, त्यात टायरच्या नक्षीचा एकेक ठोकळा मोजता येतो. फक्त 25 च्या खाली जाऊ नका. दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चेंगरते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. काटा असलेला पायपंप घ्या, शॉकअपपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

याच ओघात त्या जाड्या टायरच्या फॅट बाइकबद्दल. हल्ली सायखेड्याच्या बाजारातही शाळकरी पोरं तिच्यावर दिसतात. ती वाळू आणि बर्फ यांच्यासाठी जन्मली. तिथं ती खरंच तरंगते. काळ्या मातीत चार इंची टायर म्हणजे चार इंच रुंदीचा चिखल उचलणारं यंत्र. त्यात आपल्याकडं मिळते ती बहुतेक बिनागिअरची आणि अठरा-वीस किलोची. पोरांना मिरवायला ठीक आहे. पोट उतरवायला निघालेला माणूस तिच्यावर आठवडाभर बसेल आणि नंतर ती गोठ्यात उभी राहील.

पक्ष्यांचा आणि सायकलीचा संबंध मात्र फार मजेचा आहे. काठावरच्या पक्ष्यांना सायकलवरचा माणूस ओळखीचा असतो. दूधवाला, पाणी धरायला निघालेला शेतकरी, सगळे असेच जातात. एका चालीत पुढं जात राहिलात तर हळदी-कुंकू बदकं मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. थांबलात की चुळबूळ सुरू. उतरून स्टँड लावला की थवा उडालाच. म्हणून ज्या जागी बघायचं त्याच्या अलीकडं, एखाद्या बाभळीआड थांबायचं, पाय टेकून सायकलवरच बसून दुर्बीण लावायची. दुसरी भानगड फ्रीव्हीलची. पेडल थांबवलं की आतली कुत्री, म्हणजे दात्यांत अडकणारे खटके, टकटकायला लागतात आणि पहाटेच्या शांततेत तो आवाज लांब जातो. त्यावर उपाय सोपा : हलकं का होईना, पेडल मारत राहायचं. फ्रीव्हीलमध्ये थोडं जाड तेल सोडलं तरी आवाज बसतो. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, कधी क्रौंच, हे सगळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भेटतील. अभयारण्याच्या आत सायकल कुठवर न्यायची, ते मात्र नाक्यावरच्या वनरक्षकाला विचारा.

थंडीचं निफाडकरांना मी काय सांगणार! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन-चार अंशांवर आल्याच्या बातम्या दर दोन-तीन वर्षांनी येतात. द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या असतात त्या पहाटे बोटं बधिर होऊन ब्रेक दाबला जात नाही, तेव्हा हातमोजे हवेतच. पण उजाडायच्या आत निघूच नका. ऊसतोड चालू असली की बिबट्या एका फडातून दुसऱ्या फडात हलत असतो. उसाच्या दोन भिंतींमधून जाताना कानात गाणी नकोत आणि तिथं घंटी वाजवायला लाजायचं नाही. बदकं पुढं आहेत, अजून लांब आहेत.

पोटाबद्दल थोडक्यात. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी 2015 मध्ये जोडीनं रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पुरी केली, सुमारे 4800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. त्यानंतर जिल्ह्यात बारीक टायरच्या सायकली घेणाऱ्यांची रीघ लागली. चांगलंच झालं, पण ते डांबराचं काम. सायखेड्याच्या आसपास घाट नाही, चढ नाही, तरी मऊ मातीत अर्धा तास चालवलं की दम लागतो. तोच आपला घाट. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे शेजारच्याशी बोलता येतंय, पण अभंग म्हणता येत नाही, अशी चाल. सीट मात्र वर घ्या. आपल्याकडं दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी सीट खाली ठेवायची सवय आहे आणि मग गुडघे दुखले की सायकलीला दोष. टाच पेडलवर ठेवून पाय अगदी खाली नेला की गुडघा सरळ व्हायला हवा. चालवताना चवडा पेडलवर येतो, तेव्हा तो आपोआप थोडा वाकलेला राहतो.

शेवटी काटे, कारण ते चुकणार नाहीत. वेडी बाभूळ बांधाबांधावर आहे, सराटा वाटेवर पसरलेला आहे. ट्यूबमध्ये भरायचं पातळ द्रव्य मिळतं, बारीक भोकं ते आतून बुजवतं. बाभळीच्या लांब काट्यापुढं तेही हात टेकतं. म्हणून सोल्युशन, ठिगळं, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि एक जादा ट्यूब सीटखाली असू द्या. आणि नवी ट्यूब घालायची घाई करू नका. काटा बाहेरून मोडलेला दिसला तरी त्याचं टोक टायरच्या आत राहिलेलं असतं आणि तुम्ही पाव मैल जाताच ते नव्या ट्यूबमध्ये घुसतं. बोट फिरवू नका, रक्त निघेल. सुती चिंधी आतून गोल फिरवा. ती जिथं अडकेल तिथं टोक आहे. ते बाहेरच्या बाजूनं ढकलून काढा आणि मग ट्यूब घाला.